कमावलेली माफी: दंड, प्रायश्चित्त आणि व्यवहार्यता

न्यायालय शिक्षेची मुदत ठरवते तेव्हा त्याची दृष्टी मागे, घडून गेलेल्या कृत्याकडे असते. पुढे कारागृहात हीच मुदत कमी केली जाते तेव्हा मात्र पाहिले जाते ते शिक्षा सुरू झाल्यानंतरच्या वागणुकीकडे. माफीविषयीचा तात्त्विक प्रश्न या दोन दृष्टींच्या मधल्या फटीत उभा राहतो. नंतर केलेले चांगले काम आधी केलेल्या दुष्कृत्यातून वजा करता येते काय, आणि येत असेल तर ती वजाबाकी करण्याचा अधिकार कोणाचा, असा तो प्रश्न आहे. चोरीच्या अपराधात तो फारसा बोचत नाही, कारण चोरलेले परत देता येते, निदान त्याची भरपाई करता येते. ज्याचा जीव घेतला त्याला मात्र काहीच परत देता येत नसल्यामुळे खून, बलात्कार आणि त्यांसारख्या गंभीर हिंसेच्या अपराधांतच या प्रश्नाचे खरे रूप दिसते.

माफी या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी वावरतात, आणि त्या वेगळ्या न ठेवल्यामुळे या विषयावरची बरीचशी चर्चा गढूळ झालेली आहे. पहिली गोष्ट म्हणजे कैद्याने चांगली वर्तणूक, नेमून दिलेले काम, शिक्षण अशा मार्गांनी दिवसादिवसाने मिळवलेली सूट. हिलाच येथे कमावलेली माफी म्हटले आहे. दुसरी म्हणजे शासनाने राष्ट्रीय आनंदाच्या प्रसंगी किंवा अन्य निमित्ताने कैद्यांच्या एखाद्या वर्गाला सरसकट दिलेली सूट, जिच्यात कैद्याचे कर्तृत्व असतेच असे नाही. तिसरी म्हणजे राज्यघटनेच्या ७२ आणि १६१ या अनुच्छेदांनी राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्याकडे सोपवलेला क्षमेचा अधिकार. पहिली कमाई आहे, दुसरी बक्षिसी आहे आणि तिसरी दया आहे. तिघींचा परिणाम सारखाच, म्हणजे दार लवकर उघडणे हा असला तरी त्यांचे नैतिक आधार एकमेकांशी जुळत नाहीत, आणि एकीच्या समर्थनार्थ दिलेला युक्तिवाद दुसरीला लागू पडत नाही.

कमाईची कल्पना तशी फार जुनी नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यामधील समुद्रात नॉरफोक नावाचे बेट आहे, जेथे ब्रिटिश साम्राज्य हद्दपारीत पुन्हा गुन्हा केलेल्या कैद्यांना धाडत असे. ब्रिटिश आरमारातील अधिकारी अलेक्झांडर मॅकोनकी १८४० मध्ये तेथील प्रमुख झाला आणि त्याने शिक्षा वर्षांत न मोजता गुणांत मोजावी असे सुचवले. कैद्याने कष्टाने आणि सद्वर्तनाने अमुक इतके गुण जमवले की तो सुटावा, गैरवर्तनाने ते गुण कमी व्हावेत आणि अधिकचे अन्न किंवा सुखसोय हवी असल्यास तीही त्याच गुणांतून विकत घ्यावी, अशी ही योजना होती. केवळ काळ कंठणारा माणूस काळाबरोबर सडतो, पण स्वतःच्या सुटकेची किल्ली स्वतःच्या हातात असलेला माणूस उद्याचा विचार करू लागतो, असा तिच्यामागचा हिशेब होता. वरिष्ठ सरकारला ही पद्धत फार सौम्य वाटली आणि १८४४ मध्ये मॅकोनकीची कारकीर्द संपली. त्याची कल्पना मात्र टिकली. भारताच्या १८९४ च्या कारागृह अधिनियमात माफीपद्धतीची जी व्याख्या आहे तिच्यातही कैद्यांना गुण देणे आणि त्यायोगे शिक्षा कमी होणे याविषयीचे नियम असाच अर्थ सांगितलेला आहे. महाराष्ट्राचे १९६२ चे माफीविषयक नियम याच वंशातले आहेत.

हा हिशेब हिंसेच्या गुन्ह्याला लावला की काय होते, हे गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणाइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते. महात्मा गांधींच्या हत्येच्या कटात त्यांना १० फेब्रुवारी १९४९ रोजी, त्या वेळच्या कायद्याच्या भाषेत, आजन्म हद्दपारीची शिक्षा झाली. १९६० पर्यंत त्यांच्या नावावर २८९३ दिवसांची माफी जमा झाली होती, आणि तुरुंगात काढलेला काळ व ही जवळजवळ आठ वर्षे एकत्र धरल्यास वीस वर्षे पूर्ण होतात, म्हणून आपली सुटका झालीच पाहिजे, असा त्यांचा सर्वोच्च न्यायालयापुढचा दावा होता. या २८९३ दिवसांची फोड मोठी बोलकी आहे. ८३६ दिवस सर्वसाधारण माफीचे, २०६ विशेष माफीचे, ११३ शारीरिक शिक्षणाचे, १०८ साक्षरतेच्या कामाबद्दलचे, २५० वार्षिक सद्वर्तनाचे, आणि तब्बल १३८० दिवस शासनाने दिलेल्या माफीचे. म्हणजे कमाईच्या नावाने मांडलेल्या या बेरजेतील निम्म्याच्या जवळपास भाग कैद्याने कमावलेलाच नव्हता. तो शासनाच्या मर्जीने त्याच्या खात्यात येऊन पडला होता.

न्यायालयाने १२ जानेवारी १९६१ रोजी हा दावा फेटाळला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी लिहिलेल्या निर्णयाचे सार असे की जन्मठेप म्हणजे उरलेल्या संपूर्ण आयुष्याची कैद. त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या ५७ व्या कलमात जन्मठेप वीस वर्षांइतकी धरावी असे म्हटले असले तरी ते केवळ शिक्षेचे अंश काढण्यापुरते आहे, आणि कारागृहाच्या नियमांनुसार जमा झालेली माफी आपोआप सुटकेचा हक्क निर्माण करत नाही, कारण उरलेली शिक्षा माफ करणे हे सरकारच्या अधिकारातले आहे. या निर्णयातील तर्क नुसता कायदेशीर नाही, तो गणिती आहे. वजाबाकी करायची तर जिच्यातून वजा करायचे ती संख्या ठाऊक असावी लागते, आणि कैदी किती वर्षे जगणार हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे जन्मठेपेच्या कैद्याचे माफीचे दिवस जमेच्या बाजूला साठत राहतात, पण ते कशातून वजा करायचे ते ठरत नाही. त्यांना मोल येते ते शासनाने एखादा आकडा ठरवला तरच. आणि म्हणून या कैद्याची कमाई ही अखेरीस बक्षिसीच्या दारातच उभी राहते.

या प्रकरणाचा आणखी एक पैलू तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. गोडसे १९६४ मध्ये सुटले, आणि आपल्या कृत्याविषयी पश्चात्ताप नसल्याचे त्यांनी पुढे कधी लपवले नाही. ‘गांधीहत्या आणि मी’ हे त्यांचे पुस्तक त्याची साक्ष आहे. तरीही माफीच्या नियमांप्रमाणे त्यांचे सद्वर्तनाचे दिवस खोटे नव्हते. त्यांनी काम केले, शिस्त पाळली, आणि त्याबद्दल ठरलेले दिवस मिळवले. नियमांनी जे मोजायचे ठरवले होते तेच मोजले; त्यांनी मन मोजले नाही, कारण मन मोजण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हतेच. माफीचा विरोधक येथे म्हणेल की ही पद्धत आज्ञाधारकपणाला सुधारणा समजते, आणि तुरुंग शांत राहावा ही तुरुंगाधिकाऱ्याची गरज समाजाच्या नावाने भागवते. या आक्षेपात बरेच तथ्य आहे. मात्र त्याचे उत्तर देण्यापूर्वी दंड कशासाठी असतो, याविषयीच्या दोन जुन्या आणि परस्परविरोधी भूमिका पाहणे आवश्यक ठरते.

इमान्युएल कान्ट हा जर्मन तत्त्वज्ञ दंड हा केवळ अपराध घडला म्हणूनच द्यावा, त्याच्या योगे अपराध्याचे किंवा समाजाचे काही भले साधावे म्हणून नव्हे, असे मानत असे. कारण भल्यासाठी दंड देणे म्हणजे माणसाचा साधन म्हणून वापर करणे. एखाद्या बेटावरील समाज सर्वसंमतीने विसर्जित होणार असेल तरी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला आधी मृत्युदंड दिला पाहिजे, हे त्याचे टोकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्या मानाने कमी प्रसिद्ध असलेला त्याचा एक विचार माफीच्या प्रश्नात अधिक कामाचा आहे. १७९७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात क्षमेच्या अधिकाराची चर्चा करताना कान्ट म्हणतो की प्रजाजनांनी एकमेकांवर केलेल्या अपराधांची क्षमा करणे सार्वभौमाच्या अधिकारात बसत नाही. जो अपराध खुद्द त्याच्याविरुद्ध झाला तेवढाच तो क्षमा करू शकतो. ही कसोटी कठोर असली तरी तिच्यातला प्रश्न टाळता येत नाही. ज्याचा मुलगा मारला गेला त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार शासनाला कोणी दिला?

धर्मशास्त्राच्या परंपरेत याच ठिकाणी एक वेगळी वाट फुटते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात राजाने दंड दिलेले पापी निर्मळ होऊन पुण्यवानांप्रमाणे स्वर्गाला जातात असे मानले आहे, आणि चोराला शासन न करणारा राजा त्या चोराचे पाप आपल्या माथी घेतो असेही म्हटले आहे. महाभारताच्या शांतिपर्वातील शंख आणि लिखित या भावांच्या कथेत तीच धारणा कथारूपाने येते: भावाच्या आश्रमातील फळे न विचारता खाल्लेला लिखित शंखाच्याच सांगण्यावरून सुद्युम्न राजाकडे दंड मागायला जातो, हात गमावून परततो, नदीत स्नान केल्यावर त्याचे हात परत येतात, आणि तपोबलाने मला आधीच शुद्ध का केले नाही असे विचारल्यावर दंड देण्याचा अधिकार माझा नव्हे, असे शंख त्याला सांगतो. या विचारसरणीत दंड हेच शुद्धीचे साधन आहे, आणि म्हणून माफी ही अपराध्यावरची कृपा ठरत नाही, उलट त्याच्या शुद्धीत घातलेली खीळ ठरते. अर्थात हे शास्त्र वर्ण पाहून दंड आणि प्रायश्चित्त कमीअधिक करणारे आहे. एकाच हत्येला मारणाऱ्याच्या आणि मेलेल्याच्या जातीनुसार वेगळे मोल लावणारा ग्रंथ न्यायाचा आदर्श म्हणून पुढे ठेवता येत नाही, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृती जाळली गेली ती अशाच कारणांनी. मात्र त्या परंपरेने केलेले काही भेद तिच्या विषमतेपासून सोडवून घेता येतात.

अशा भेदांपैकी सर्वांत मोलाचा भेद याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात आहे. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने नाहीसे होते, पण जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत प्रायश्चित्त घेणारा मनुष्य शास्त्रवचनामुळे फक्त व्यवहार्य होतो, असे ती स्मृती सांगते. व्यवहार्य म्हणजे ज्याच्याशी इतरांनी बोलावे, बसावे, देवघेव करावी असा. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ या आपल्या टीकेत याचा उलगडा करताना पापाच्या दोन शक्ती मानल्या आहेत: एक नरकाला नेणारी आणि दुसरी माणसाचा समाजातील व्यवहार रोखून धरणारी. पहिली शक्ती कायम राहूनही दुसरी नष्ट होऊ शकते, आणि त्यात विसंगती नाही, असे त्याचे म्हणणे. या साऱ्या साहित्याचा विस्तृत परामर्श पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात घेतला आहे. मात्र आधुनिक दंडनीतीच्या चर्चेत विज्ञानेश्वराच्या या दोन शक्तींकडे फारसे लक्ष गेलेले नाही, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

कारण कमावलेल्या माफीचे जे समर्थन करता येते ते येथेच आहे. माफी अपराध पुसत नाही, अपराधाचे ऋण फेडत नाही, आणि मेलेल्याच्या वतीने कोणाला क्षमाही करत नाही. तिचा संबंध फक्त दुसऱ्या शक्तीशी, म्हणजे हा मनुष्य पुन्हा लोकांत वावरण्याजोगा झाला आहे काय, या प्रश्नाशी आहे. असे मानले की कान्टचा आक्षेप मोडत नाही, पण तो जागच्या जागी राहतो: शासनाला क्षमा करता येत नाही हे खरे, पण कैदेच्या भिंतीआड किती काळ ठेवायचे हे ठरवणे आणि क्षमा करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आज्ञाधारकपणाविषयीचा आक्षेपही येथे सौम्य होतो. पाप नष्ट झाले की नाही हे वागणुकीवरून कळणार नाही, कारण ते मनाचे आणि परलोकाचे प्रकरण. पण व्यवहार्यता ही मुळातच वागणुकीची बाब असल्यामुळे ती वागणुकीवरून पारखता येते. पश्चात्तापाची सक्ती करणे तर आणखी एका कारणाने अनिष्ट आहे. निर्दोष असून शिक्षा भोगणाऱ्याला, आणि असे लोक कोणत्याही न्यायव्यवस्थेत असतात, पश्चात्ताप दाखवायचा म्हणजे खोटे बोलावे लागते. शिवाय सुटकेचे आमिष दाखवून मिळवलेला पश्चात्ताप कितपत खरा, हा संशय कायमचा मागे लागतो.

हा भेद बौद्ध परंपरेने अधिक जिवंत करून सांगितला आहे. मज्झिमनिकायातील अंगुलिमालसुत्तात अनेकांचे जीव घेणारा दरोडेखोर बुद्धाच्या भेटीनंतर भिक्षू होतो, त्याला पकडायला निघालेला कोसलचा राजा पसेनदी त्याला शांत बसलेला पाहून दंडाचा विचार सोडतो आणि त्याच्या चीवराची व भिक्षेची व्यवस्था करण्याची तयारी दाखवतो. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात पतितांच्या परिवर्तनाच्या प्रकरणात ही कथा घेतली आहे. मूळ सुत्त मात्र राजाच्या औदार्यापाशी थांबत नाही. श्रावस्तीत भिक्षेला निघालेल्या अंगुलिमालावर दगड आणि काठ्या येऊन आदळतात, तो डोके फुटून रक्तबंबाळ अवस्थेत परततो, आणि बुद्ध त्याला ते सहन करायला सांगतो, कारण हे त्याच्याच कर्माचे फळ याच जन्मी त्याला मिळत आहे. परिवर्तन संपूर्ण आहे, आणि तरीही फळ टळलेले नाही. ज्यांनी आपली माणसे गमावली त्या लोकांना हे सुत्त गप्प बसवत नाही. पुढची गोष्ट त्याहून विचारात पाडणारी आहे. लोकांनी अंगुलिमालाच्या प्रव्रज्येबद्दल तक्रार केल्यावर बुद्धाने कुख्यात दरोडेखोरांना यापुढे संघात घेऊ नये असा नियम घातल्याचे विनयपिटकातील महावग्गात नोंदलेले आहे. एक माणूस पूर्णपणे बदलला हे मान्य, पण त्याच्यावरून सर्व वर्गासाठी दार उघडायचे नाही, असा तो निर्णय होता.

मराठी घरांत सांगितली जाणारी वाल्या कोळ्याची कथा या बाबतीत अंगुलिमालाच्या कथेपेक्षा उणी पडते. प्रत्येक हत्येमागे एक खडा टाकत वाल्याने सात रांजण भरले, पुढे नामाच्या बळावर तो वाल्मीकी झाला, आणि ऐकणाऱ्याचे सारे लक्ष त्या रूपांतराकडे लागते. रांजणातल्या खड्यांचे पुढे काय झाले हे कथा विचारीत नाही, आणि एकाही खड्यामागच्या माणसाचे नाव ती सांगत नाही. गंमत अशी की त्याच्या पापात वाटा घेणार काय, हा प्रश्न त्याच्या बायकोमुलांना विचारला जातो, पण मेलेल्यांच्या बायकोमुलांकडे कोणी फिरकत नाही. माफीच्या बाजूने लिहिणारे पुष्कळदा या कथेतच अडकलेले असतात.

शांतिपर्वातील द्युमत्सेन आणि सत्यवान या पितापुत्रांचा संवाद या दोन्ही बाजू एकत्र पाहण्याचा प्रयत्न करतो. एका दरोडेखोराला मारले की त्याच्या आईबापांना, पत्नीला आणि मुलांनाही मारल्यासारखे होते, आणि दुष्ट मनुष्यही सज्जनाच्या सहवासात शील शिकतो, असे सत्यवान म्हणतो. पूर्वी नुसत्या धिक्काराने काम भागे, आता वधाशिवाय भागत नाही, असे द्युमत्सेनाचे उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली लक्ष्मण नस्कर प्रकरणात मुदतपूर्व सुटकेसाठी जे निकष सांगितले, त्यांत अपराधाचा एकूण समाजावर परिणाम झाला काय, तो पुन्हा घडण्याचा संभव किती, कैद्याची अपराध करण्याची शक्ती उरली आहे काय, त्याला आणखी डांबून काय साधणार, आणि त्याच्या कुटुंबाची सामाजिक-आर्थिक स्थिती कशी आहे, हे प्रश्न येतात. सत्यवानाला हे निकष परके वाटले नसते. यांत कैद्याच्या कुटुंबाला जागा आहे आणि पीडिताच्या कुटुंबाला नाही, ही उणीवही त्याच्या बोलण्यातलीच आहे.

व्यवहार्यता वागणुकीवरून पारखायची तर ती कोणत्या परिस्थितीतल्या वागणुकीवरून, हा पुढचा प्रश्न. चार भिंतींच्या आत, पहाऱ्याखाली, ज्याच्या आयुष्यातला प्रत्येक तास दुसऱ्याने ठरवलेला आहे अशा माणसाने नियम पाळले यातून तो मोकळ्या जागी कसा वागेल याविषयी फार थोडे कळते. औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली स्वतंत्रपूरची खुली वसाहत या दृष्टीने महत्त्वाची आहे. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे भिंतीविना, कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे हाच प्रयोग होता, आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. चित्रपटाने त्या प्रयोगाला जे भावुक रूप दिले त्यामुळे प्रयोगाचा गाभा थोडा झाकला गेला, असे म्हणायला जागा आहे. तेथे खरी कसोटी तुरुंगाधिकाऱ्याच्या डोळ्यांतल्या करुणेची नव्हती, पळून जाणे शक्य असताना न पळण्याची, आणि शेजारच्या गावाने या माणसांकडून भाजी घेण्याची होती. कमाईला अर्थ असेल तर तो अशा ठिकाणच्या दिवसांना. बंद कोठडीतल्या शांततेचे आणि खुल्या शेतातल्या विश्वासाचे मोल सारखे धरणारी पद्धत आपल्याच तत्त्वाशी प्रामाणिक नाही.

शेजारच्या गावाचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. व्यवहार्यता ही एकट्या माणसाच्या अंगी असणारी वस्तू नाही, ती दोन बाजूंमधला संबंध आहे. प्रायश्चित्त पुरे केलेल्या पतिताला परत घेताना त्याच्या आप्तांनी त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घट त्यात टाकावा, असा विधी मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे. परत घेणारे त्याच्याबरोबर पाण्यात उतरतात. ते त्याला हार घालत नाहीत. हा भेद बारीक वाटला तरी निर्णायक आहे. १९६४ मध्ये सुटलेल्या गोडसे यांच्या स्वागतासाठी पुण्यात सत्यनारायणाच्या पूजेचा समारंभ झाला आणि त्यावरून उठलेल्या वादळातूनच पुढे गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणारा कपूर आयोग नेमला गेला. १५ ऑगस्ट २०२२ रोजी बिल्किस बानो प्रकरणातील अकरा दोषी गोध्र्याच्या कारागृहातून सुटले, तेव्हाही त्यांचे हारतुऱ्यांनी स्वागत झाले. दोन्ही वेळी शिक्षा संपली याचा अर्थ अपराध नव्हताच असा लावला गेला, आणि माफीने जे कधीच सांगितले नव्हते ते तिच्या तोंडी घातले गेले.

बिल्किस बानो प्रकरणात सामूहिक बलात्कार आणि हत्यांबद्दल जन्मठेप झालेली होती, आणि खटला गुजरातबाहेर मुंबईत चालला होता. गुजरात सरकारने सुटकेच्या समर्थनार्थ चौदा वर्षांहून अधिक काळ भोगलेली कैद आणि चांगली वर्तणूक यांचा आधार दिला. मुंबईच्या विशेष न्यायालयाचे मत मात्र सुटकेच्या विरोधात होते. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ही माफी रद्द ठरवली ती मुख्यतः या कारणाने की शिक्षा महाराष्ट्रात झाली असल्यामुळे निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हता. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी त्या निर्णयाच्या आरंभी दंड हा सूडासाठी नसून औषधासारखा असावा या प्लेटोच्या विचाराचा आधार घेतला आहे, म्हणजे माफीचे तत्त्व न नाकारता ही विशिष्ट माफी नाकारली आहे. तत्त्वाच्या बाजूने पाहता या प्रकरणातील मूळ दोष अधिकारक्षेत्राहून खोल होता. ज्या स्त्रीने हे सारे भोगले ती जिवंत होती, आणि व्यवहार्यतेची पारख तिला वगळून झाली. पीडिताला नकाराधिकार द्यावा असा याचा अर्थ नाही, कारण तसे केले तर कैद्याचे भवितव्य पीडिताच्या क्षमाशीलतेवर अवलंबून राहील आणि क्षमेचे ओझे पुन्हा तिच्याच माथी येईल. पण तिचे म्हणणे ऐकल्यावाचून, आणि निर्णयाची कारणे लिहिल्यावाचून, कोणीही व्यवहार्य झाला असे ठरवता येत नाही.

यातूनच शासनाच्या सरसकट माफीविषयीही मत ठरते. खुनासारख्या अपराधात सणासुदीची माफी दिवसांच्या खात्यात जमा करणे ही प्रथा बंद व्हायला हवी, कारण तिला कान्टचे उत्तर देता येत नाही आणि याज्ञवल्क्याचेही देता येत नाही. तिच्यात अपराध्याने काही केलेले नसते आणि समाजाने काही पारखलेले नसते. कमावलेले दिवस मात्र अधिक गंभीरपणे घेतले पाहिजेत. संसदेने १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ हे कलम घालून, ज्या अपराधाला मृत्युदंड देता येतो त्यात जन्मठेप झाली असल्यास प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगल्याशिवाय सुटका नाही असे ठरवले, आणि १९८० मध्ये मारू राम प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासारख्या कैद्यांच्या हक्कांविषयी जागरूक न्यायाधीशानेही ते वैध मानले. चौदा वर्षांची ही किमान मर्यादा समर्थनीय आहे. तेवढा काळ अपराधाच्या पहिल्या शक्तीचा, आणि त्यात कमाईने हात घालू नये, असे म्हणता येते. त्यानंतरच्या काळात तरी कमावलेले मोजले गेले पाहिजे.

अलीकडची दिशा उलटी आहे. २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंडाऐवजी माफीचा लाभ न देता आजीवन कैद अशी शिक्षा दिली, आणि २ डिसेंबर २०१५ रोजी श्रीहरन प्रकरणात घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने अशा शिक्षांना मान्यता दिली. फाशी टळावी म्हणून काढलेली ही वाट आहे हे समजण्याजोगे आहे. चौदा वर्षांनी यांत्रिकपणे दार उघडणाऱ्या शासनाच्या हाती असा कैदी सोपवायला न्यायालय तयार नव्हते. मात्र या शिक्षेतील कैदीही काम करतो, परीक्षा देतो, शिस्त पाळतो, आणि त्याच्या या दिवसांना सुटकेच्या हिशेबात काही मोल नसते. त्याचे सद्वर्तन आमिषापासून मुक्त असल्यामुळे त्याच्याविषयी दांभिकपणाचा संशय घेण्याचे कारणच उरत नाही, आणि नेमके तेच पारखण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. त्याच्यासाठी उरतो तो फक्त ७२ आणि १६१ या अनुच्छेदांखालचा दयेचा अर्ज. आणि तो अधिकार राष्ट्रपती व राज्यपाल यांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरावा असे मारू राम प्रकरणातच ठरलेले असल्यामुळे, अशा कैद्याची पारख पुन्हा त्याच शासनाकडे जाते, ज्याच्यावरील अविश्वासातून माफीवाचूनची ही शिक्षा जन्माला आली.